गव्हाची बिअर, ९ टक्क्यांची

गेल्या महिन्यात या सदरात मी दोनच ओळी लिहिल्या होत्या. मॉन्ट्रियलजवळच्या शाम्ब्ली गावातली युनिब्रू ही ब्रुअरी बेल्जियन धर्तीची गव्हाची बिअर ५ टक्के अल्कोहोलची करते आणि 'दों द द्यू' नावाची ९ टक्क्यांचीही करते. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून चाखल्याशिवाय गव्हाच्या बिअरबद्दल मत देऊ नये, असं माझं म्हणणं होतं. त्या दोन ओळींवर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. त्यातली सहा आज घेते.

नव्या वाचकांसाठी सांगते. मी मूळची इचलकरंजीची. गेली अठरा वर्षं मॉन्ट्रियलला एका पीठगिरणीच्या प्रयोगशाळेत गहू आणि पीठ तपासायचं काम करते. बिअरची ओळख मला झाली ती गव्हामुळे, आणि अजूनही बिअरमध्ये मी आधी गहूच शोधते. उत्तरं वाचताना हे लक्षात असू द्या.

प्रश्न : पुण्यातल्या मायक्रोब्रुअऱ्यांमध्ये बेल्जियन विट मी आवडीने पितो. मुलगा कॅनडाहून येताना 'दों द द्यू'ची ७५० मिलीची बाटली घेऊन आलाय, बूच आणि तार लावलेली. वर ९ टक्के लिहिलंय. दोन आठवडे झाले, उघडायचं मनावर घेतलं नाही. ही विटच म्हणायची का? कशी प्यायची? आणि खरं सांगा, आमच्या नेहमीच्या विटपेक्षा ती चांगली आहे का? (एक वाचक, कोथरूड, पुणे)

खरं सांगा म्हणालात, म्हणून शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. तहान भागवायची असेल तर नाही. जेवण उरकून तिघं-चौघं निवांत बसला असाल तर हो, आणि बरीच चांगली.

विट म्हणजे पांढरी. बेल्जियमच्या फ्लेमिश भागातली ही गव्हाची बिअर. तिच्यात सातूच्या माल्टबरोबर (मोड आणून वाळवलेला सातू) जवळजवळ तेवढाच गहू असतो, आणि परंपरेने तो मोड न आणलेला, कच्चाच. वर कुटलेले धने आणि कडू संत्र्याची वाळवलेली साल. गाळून स्वच्छ करत नाहीत, म्हणून गव्हातली प्रथिनं आणि यीस्ट तरंगत राहतात आणि ग्लासात ती ताकाच्या निवळीसारखी धुरकट दिसते. अल्कोहोल ५ टक्क्यांच्या आसपास. युनिब्रूची 'ब्लांश द शाम्ब्ली' ही १९९२ पासूनची बिअर या चौकटीत चपखल बसते. 'दों द द्यू' ही तिची ९ टक्क्यांची थोरली बहीण. तिला विट म्हणावं की बेल्जियन मठांच्या पद्धतीची ट्रिपल नावाची जोरदार बिअर, यावर इथले जाणकार वाद घालतात. मला ती गव्हाच्याच घरातली वाटते. का, ते सांगते.

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी मी आणि माझी शेजारीण स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दोन्ही बाटल्या घेऊन बसलो. ती इथलीच, क्युबेकची, निवृत्त शिक्षिका. खिडकीच्या काचेला आतून बर्फाची जाळी धरली होती. आधी पाच टक्क्यांची उघडली. नाक जवळ नेलं की धने. खलबत्त्यात धने नुकतेच भरडले की पहिला वास येतो ना, अगदी तो. मग संत्र्याची साल दुमडल्यावर उडणारा तुषार. आणि त्या दोघांच्या खाली एक ओला, आंबूस, कच्चा वास. हा वास मी लहानपणापासून ओळखते. कुरडईचा चीक.

मार्च-एप्रिलमध्ये आमच्या गच्चीवर कुरडया व्हायच्या. आई गहू तीन दिवस भिजवायची, रोज पाणी बदलायची. तिसऱ्या दिवशी पातेल्याचं झाकण काढलं की घरभर तो आंबूस वास. गहू वाटायचा, चीक काढायचा, रात्रभर तसाच ठेवायचा आणि सकाळी वरचं निवळ पाणी ओतून द्यायचं. त्या पांढऱ्या ओल्या साक्याला जो वास असतो, तो चांगल्या विटमध्ये सापडतोच. कच्च्या गव्हाचा स्टार्च आणि किंचित आंबटपणा, दोन्हीकडे तेच. शेजारणीला हे कसं समजावून सांगावं मला कळेना. ती म्हणाली, मला पावाच्या न भाजलेल्या गोळ्याचा वास येतोय. म्हणजे आम्ही दोघी एकच सांगत होतो.

मग नऊ टक्क्यांची. बुचाचा आवाज मोठा झाला, फेस बोटभर चढला आणि बराच वेळ बसला नाही. रंग पिवळसर पांढऱ्याकडून मधाकडे झुकलेला. नाक नेलं, तर धने पुढे येईनात. आधी पिकलेलं केळं, मग लवंग, मग फुलांसारखं काहीतरी. धने होते, पण फोडणीत विरघळून गेल्यासारखे. पहिला घोट मी थंडगार घेतला आणि तो वाया गेला. नुसते बुडबुडे आणि घशाशी ऊब. मी ग्लास टेबलावर ठेवला आणि दहा-पंधरा मिनिटं हात लावला नाही.

तिसऱ्या घोटाला ती खुलली. तुम्ही कुरडईचा चीक शिजवलेला खाल्ला असेल. पाण्याला उकळी आली की चीक घालून जोरात ढवळायचं, तो काचेसारखा चकचकीत झाला की वाटीत घेऊन वर साखर आणि तूप. आम्ही पोरं त्या एका वाटीसाठी दिवसभर गच्चीवर कावळे हाकत बसायचो. नऊ टक्क्यांच्या बिअरमध्ये मला तो चीक सापडला. कच्चेपणा गेलेला, गहू शिजून गोडसर आणि गुळगुळीत झालेला, जिभेवर वजन असलेला. पाच टक्क्यांची म्हणजे कच्चा चीक, नऊ टक्क्यांची म्हणजे शिजलेला. म्हणून ती मला त्याच घरातली वाटते. धान्य एकच, फक्त पुढच्या पायरीवर नेलेलं.

दोष आहे का? आहे. शेवट थोडा गोड राहतो. पहिला ग्लास संपताना ऊब छान वाटते, दुसऱ्या ग्लासात तीच जड होते. मी दीड ग्लासावर थांबले. पाच टक्क्यांचीत जी सुटसुटीत आंबट चव तोंड स्वच्छ करते, ती इथे दबलेली असते. ज्यांना विट त्या चवीसाठीच आवडते त्यांची निराशा होईल, आणि त्यांचं काही चुकतंय असं मी म्हणणार नाही.

आता तुमच्या बाटलीचं. ती आडवी ठेवली असेल तर आज उभी करा आणि फ्रिजमध्ये ठेवा. पुण्याच्या उन्हाळ्यात कपाटावर पडून राहिलेली बाटली आठवड्या-दोन आठवड्यांत शिळवटते. केळं जाऊन ओल्या पुठ्ठ्याचा वास येतो. प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा. बाटली बोटांना गार लागावी, दातांना झिणझिण्या येऊ नयेत, एवढंच. तार सहा अर्धवळशांत सुटते. सोडताना अंगठा बुचावर ठेवा, कारण आतला दाब साध्या बिअरपेक्षा बराच जास्त असतो. ग्लास उंच नको, पोट असलेला घ्या, घरातला वाइनचा चालेल. आणि चौघांत वाटा. त्या बाटलीत ६७.५ मिली शुद्ध अल्कोहोल आहे, म्हणजे ५ टक्क्यांच्या ३४१ मिलीच्या जवळजवळ चार बाटल्या.

एक गोष्ट मुलाला सांगा, त्याला आवडेल. १६०८ साली सॅम्युएल द शाम्प्लेन ज्या जहाजातून आला आणि क्युबेक शहर वसवलं, त्या जहाजाचं नाव 'दों द द्यू', देवाची देणगी. क्युबेक शहराच्या बोधवाक्यात हे शब्द आजही आहेत. त्या जुन्या फ्रेंच वाक्याचा अर्थ होतो, 'देवाच्या देणगीचं मी चीज करीन.' दोन आठवडे बाटली नुसती ठेवू नका.

प्रश्न : आपल्याकडे स्ट्रॉन्ग बिअर काय कमी आहेत? ७-८ टक्क्यांच्या कॅनला शंभर-दोनशे रुपये पडतात. या ९ टक्क्यांच्या 'डबल विट'मध्ये असं काय वेगळं, की तुम्ही एवढं कौतुक करावं? (एक वाचक, डोंबिवली)

आकडा जवळचा आहे, वस्तू वेगळी आहे. भारतात ५ ते ८ टक्क्यांपर्यंतच्या बिअरला स्ट्रॉन्ग म्हणतात. बाजारातल्या बहुतेक स्ट्रॉन्ग या लागर आहेत, म्हणजे थंडाव्यात सावकाश आंबवलेल्या स्वच्छ बिअर. त्यात माल्टबरोबर तांदूळ, मका किंवा साखर घालून अल्कोहोल वाढवतात, कारण साखर यीस्ट पूर्ण खाऊन टाकतं आणि मागे चव ठेवत नाही. हेतू उघड असतो, कमी पैशात जास्त चढावं. त्यामुळे ती बर्फासारखी थंड करून पटकन संपवायची पद्धत पडली. कोमट झाली की तिचा उग्रपणा पुढे येतो.

गव्हाच्या जोरदार बिअरमध्येही थोडी साखर घालतात, नाहीतर ती खिरीसारखी दाट होईल. पण मुख्य वाढ धान्याची असते. एका लिटर पाण्यामागे दीडपट-दुप्पट धान्य. तेवढं धान्य आलं की तेवढी चवही येते. माझी कसोटी एकच आहे आणि ती तुम्हालाही वापरता येईल. ग्लास वीस मिनिटं टेबलावर ठेवा. बिअर आधीपेक्षा चांगली लागली तर जोर धान्यातून आलाय. प्यावीशी वाटली नाही तर तो फक्त आकड्यापुरता आहे.

सगळ्याच डबल विट या कसोटीला उतरतात असं मात्र समजू नका. इथल्या एका छोट्या ब्रुअरीत मी ८ टक्क्यांची एक घेतली होती. त्यांनी धान्य दुप्पट केलं तसे धनेही दुप्पट केले होते. पहिल्या घोटाला तोंडात साबणाची चव, आणि ती जेवेपर्यंत गेली नाही. मसाला धान्याच्या हिशोबाने वाढवायचा नसतो. सांज्याला रवा दुप्पट घेतला म्हणून वेलची दुप्पट करत नाही आपण.

प्रश्न : एका लेखात वाचलं की पांढरी बिअर पूर्ण नामशेष झाली होती आणि एका दूधवाल्याने ती परत आणली. ही दंतकथा आहे की खरंच असं घडलं? (एक वाचक, नाशिक)

खरंच घडलं, आणि मला ही गोष्ट कितीही वेळा सांगावीशी वाटते.

बेल्जियममध्ये ह्यूगार्डन नावाचं खेडं आहे, लुव्हेन शहरापासून जवळ. भोवती गव्हाची शेतं. तिथे शेकडो वर्षं गव्हाची पांढरी बिअर होत असे आणि एकेकाळी एवढ्याशा गावात तीसएक ब्रुअऱ्या होत्या. मग स्वच्छ, सोनेरी, थंड लागर आली. लोकांना गढूळ, आंबट बिअर जुनाट वाटू लागली. दोन महायुद्धं झाली. एकेक करत ब्रुअऱ्या बंद पडल्या आणि १९५० च्या दशकात तोमसिन ही शेवटचीही बंद झाली.

तोमसिनच्या शेजारी पिएर सेलिस नावाचा मुलगा राहायचा, जन्म १९२५ चा. लहानपणी तो त्या ब्रुअरीत लुडबूड करायचा, हातभार लावायचा. मोठा होऊन त्याने दुधाचा धंदा केला. गावातली म्हातारी मंडळी बसली की विषय निघायचा, ती आपली पांढरी बिअर आता मिळत नाही. त्याला ती कशी करतात हे आठवत होतं. १९६६ मध्ये त्याने ती पुन्हा करायला सुरुवात केली. कच्चा गहू, सातूचं माल्ट, धने, कडू संत्र्याची साल. ही साल मूळची कॅरिबियन समुद्रातल्या क्युरसाव बेटाची. ते बेट डचांच्या ताब्यात होतं, आणि व्यापारातून तिथली साल या भागात पोचली. 

ती बिअर तरुणांनी उचलून धरली. पुढे १९८५ मध्ये ब्रुअरीला आग लागली. उभारणीसाठी मोठ्या कंपनीचा पैसा घ्यावा लागला आणि शेवटी ब्रुअरी त्या कंपनीकडे गेली. सेलिस तेव्हा साठीत. या वयात माणूस घरी बसतो. हा अमेरिकेत टेक्ससमधल्या ऑस्टिनला गेला आणि १९९२ मध्ये आपल्या नावाने पुन्हा तीच बिअर करू लागला. २०११ मध्ये तो गेला. पुण्यात, मुंबईत, बंगळुरूत, मॉन्ट्रियलमध्ये आज 'बेल्जियन विट' म्हणून जे काही नळातून ग्लासात पडतं, त्या सगळ्याचा धागा त्या एका माणसाच्या आठवणीपर्यंत जातो. माझ्या आईच्या पिढीतल्या कितीतरी बायकांकडे असं काहीतरी होतं, जे त्यांच्याबरोबर गेलं. त्यामुळे सेलिसचं नाव काढलं की मला भरून येतं.

विटच्या मसाल्याच्या जोरदार बिअर हाही त्याच्याच वाटेवरचा प्रकार. ह्यूगार्डनच्या नेहमीच्या विटमध्ये ४.९ टक्के अल्कोहोल असतं, तर धने आणि संत्र्याची साल घातलेली त्यांची 'ग्रां क्रू' ८.५ टक्क्यांची. आणि बेल्जियमच्या दुसऱ्या टोकाला, फ्रान्सच्या हद्दीलगत, 'ब्लांश दे ओनेल' नावाची ६ टक्क्यांची विट होते. तिच्यात सातू आणि गव्हाबरोबर ओटही असतात. ५ आणि ९ यांच्या मधली पायरी कुणाला हवी असेल तर ती हीच. ओटमुळे येणारा मऊपणा मला फार आवडतो.

प्रश्न : मी घरी बिअर करतो (इथे घरगुती वापरासाठी परवानगी आहे). साधी विट जमते. जोरदार विट दोनदा केली आणि दोन्ही वेळा फसली. पहिल्यांदा गाळताना सगळं अडकून बसलं, पाणी उतरेचना. दुसऱ्यांदा उतरलं, पण बिअरला नेलपॉलिश रिमूव्हरसारखा वास आला. काय चुकतंय? (एक वाचक, ब्रॅम्प्टन, कॅनडा)

पहिल्या चुकीचं कारण माझ्या रोजच्या कामातलं आहे. सातूला टरफल असतं, ते भांड्याच्या तळाशी बसून गाळणी होतं. गव्हाला टरफल नाही. त्यातली प्रथिनं आणि कोंड्यातले चिकट पदार्थ पाण्यात फुगतात आणि लगदा होतो. साध्या विटमध्ये धान्य कमी म्हणून निभावून जातं. जोरदार विटमध्ये धान्याचा थर जाड, वरचं वजन जास्त, आणि खालचा थर सिमेंटसारखा बसतो. यावर उपाय भाताचा तूस. बिअरचं सामान विकणाऱ्या दुकानात धुतलेला तूस मिळतो. एकूण धान्याच्या पाच ते दहा टक्के वजनाचा तूस आधी भिजवून धान्यात मिसळा. चव अजिबात देत नाही, फक्त वाट मोकळी ठेवतो. आणि पाणी एकदम खेचू नका. पहिली दहा मिनिटं नळ करंगळीएवढ्या धारेवर ठेवा.

दुसरी चूक यीस्टची. म्हणजे यीस्टची नाही, तुम्ही त्याच्यावर टाकलेल्या ओझ्याची. साध्या विटला जेवढं यीस्ट पुरतं तेवढंच तुम्ही इथे घातलं असणार. दुप्पट साखरेत कमी यीस्ट पडलं, वर खोली गरम, की ते ताणाखाली येतं आणि तो रसायनाचा वास सोडतं. दुप्पट यीस्ट घाला, सुरुवातीला हवा चांगली मिसळा आणि पहिले तीन दिवस तापमान २० अंशांच्या आत ठेवा. मग हळूहळू चढू द्या. साखर घालणार असाल तर पहिल्या दिवशी घालू नका. यीस्टने धान्याची साखर अर्धीअधिक संपवली की मग द्या. आधी साखर दिली की ते पोळी सोडून जिलबी खाणाऱ्या मुलासारखं वागतं.

धन्यांबद्दल तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. आपल्या भारतीय किराणा दुकानातले लांबट, फिकट धने घ्या. इथल्या सुपरमार्केटात बारीक गोल धने मिळतात, त्यांना ओव्याकडे झुकणारा पालेभाजीचा वास असतो. आपल्या धन्यांत संत्र्याचा गंध जास्त. माझी एक मैत्रीण २० लिटरला २० ग्रॅम घेते, साध्या विटलाही आणि जोरदार विटलाही. धने भाजत नाही, पूडही करत नाही. एकाचे दोन-तीन तुकडे होतील इतपत ठेचते आणि उकळी बंद करायच्या पाच मिनिटं आधी टाकते. भाजलेले धने आमटीला शोभतात. इथे तो वास आला की बिअर संपली.

प्रश्न : वय ६३. रक्तदाबाची गोळी सुरू आहे. गव्हाची आहे, पौष्टिक आहे, म्हणून एखादा ग्लास रोज चालेल का? (एक वाचक, सांगली)

नाही. गव्हाची आहे म्हणून ती पौष्टिक होत नाही, आणि जोरदार विट तर रोज घ्यायची वस्तूच नाही. ९ टक्क्यांच्या ३४१ मिलीच्या एका बाटलीत साध्या बिअरच्या जवळपास दोन बाटल्यांचं अल्कोहोल असतं, आणि ते जिभेला जाणवत नाही. हाच तिचा धोका. कॅनडात २०२३ मध्ये आलेल्या मार्गदर्शनात आठवड्याला दोनपर्यंत साध्या मापांची मात्रा (एक माप म्हणजे ५ टक्क्यांची ३४१ मिलीची एक बाटली) कमी जोखमीची मानली आहे. रोज नव्हे, आठवड्याला. अल्कोहोलने रक्तदाब वाढतो आणि तुमच्या गोळीशी त्याचं कसं जमतं हे तुमचे डॉक्टरच सांगू शकतील. त्यांना आकड्यासकट विचारा, 'बिअर चालेल का' एवढंच नको. आणि घरात कुणाला ग्लूटेन वर्ज्य असेल तर विटचा घोटसुद्धा देऊ नका.

प्रश्न : बाटलीच्या तळाशी गाळ असतो तो प्यायचा की टाकायचा? आणि ग्लासाला लिंबाची किंवा संत्र्याची फोड लावतात ती हवी का? (एक वाचक, पणजी)

फोड नको. सालीतलं तेल आणि आम्ल फेस मोडतं, आणि ब्रुअरने मोजून घातलेल्या सालीवर तुम्ही ताजी साल पिळता. साधी विट बेचव असेल तर फोडीने ती सुधारते, हे मान्य. पण मग बिअर बदला. खायला गोव्यात तुम्हाला काय सांगायचं? साध्या विटबरोबर तिसऱ्या (शिंपले), सुकं खोबरं न घालता नुसत्या लसूण-मिरचीवर वाफवलेल्या. जोरदार विटबरोबर मी बेबिंका खाऊन पाहिली आहे, मॉन्ट्रियलमधल्या गोव्याच्या एका कुटुंबाकडे नाताळात. जायफळ आणि नारळाचा रस त्या केळ्या-लवंगेच्या वासाशी असा जुळला की मी दुसरा तुकडा मागून घेतला.

गाळ म्हणजे यीस्ट. विटमध्ये तो प्यायचा असतो. दोन तृतीयांश बिअर ओतून झाली की बाटली हलकेच गोल फिरवायची आणि उरलेली धुरकट बिअर वरून सोडायची. गाळाशिवाय ती पातळ आणि कोरडी लागते. पोट नाजूक असेल तर तळातलं बोटभर बाजूला ठेवा.

मी ते फेकत नाही. त्या शनिवारी दोन्ही बाटल्यांचा तळ वेगवेगळ्या वाट्यांत काढून ठेवला आणि त्यात गिरणीतून आणलेलं शंभर-शंभर ग्रॅम कणीक-पीठ आणि थोडं पाणी घालून दोन गोळे मळले. वर ओलं फडकं टाकून ते ओव्हनच्या दिव्याखाली ठेवले. पाच टक्क्यांच्या गाळाचा गोळा सकाळी उठले तेव्हा दुप्पट झाला होता. नऊ टक्क्यांचं यीस्ट दमलेलं असतं, एवढं अल्कोहोल सोसून. तो गोळा दुपारपर्यंत तसाच बसून होता. टाकणारच होते, पण संध्याकाळी फडकं उचललं तर त्यालाही छिद्रं पडली होती. दोन्हीचे छोटे पाव केले. दुसऱ्याला लवंगेचा वास राहिला होता. शेजारीण तो लोणी लावून घेऊन गेली.